लॅन्सेट चुकले, मग विश्वास कोणावर?

मायदेशी विज्ञानाविषयी वाद सुरू झाला की तो फार लवकर 'हे छापले कुठे आहे?' या प्रश्नाशी येऊन थांबतो. एक पक्ष म्हणतो, आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आले म्हणजे खरेच असणार. दुसरा म्हणतो, ती जर्नले कंपन्यांची मिंधी आहेत, त्यापेक्षा आपल्या माणसांचा अनुभव बरा. वेल्समध्ये राहून हे ऐकताना मला तो प्रश्नच अपुरा वाटतो, कारण इथल्या गोवराच्या साथीचे मूळ शोधत गेले की आपण एका अत्यंत प्रतिष्ठित जर्नलपाशी पोहोचतो.

फेब्रुवारी 1998 मध्ये 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलने डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या 12 सहकाऱ्यांचा शोधनिबंध छापला. अवघ्या 12 मुलांच्या निरीक्षणावरून त्यात गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस व स्वमग्नता (ऑटिझम) यांच्यात नाते असावे, असे सुचवले होते. ते नाते सिद्ध झालेले नाही, हे त्याच निबंधात लिहिलेलेही होते; पण पत्रकार परिषदेत वेकफील्ड यांनी तिन्ही लशी वेगवेगळ्या द्याव्यात असे सांगितले आणि वृत्तपत्रांनी निबंधापेक्षा ते वाक्य उचलले. इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे 92 टक्क्यांवरून 2003-04 पर्यंत 80 टक्क्यांवर घसरले. डेन्मार्कमधील पाच लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात असा काहीही संबंध आढळला नाही, हे 2002 मध्येच प्रसिद्ध झाले होते, परंतु धास्तावलेल्या आईबापांपर्यंत ते पोहोचले नाही.

या प्रकरणातील पैशांचे धागेदोरे बाहेर काढले ते ब्रायन डीअर या पत्रकाराने, 2004 मध्ये, 'संडे टाइम्स'मधून. लसउत्पादकांवर दावा लावण्याच्या तयारीतील वकिलांकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते आणि ते त्यांनी निबंधात सांगितले नव्हते. लॅन्सेटने निबंध पूर्णपणे मागे घेतला तो 2010 मध्ये, म्हणजे 12 वर्षांनी. त्याच वर्षी वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. त्यानंतर 2012-13 मध्ये इथे वेल्समधील स्वान्झी परिसरात गोवराच्या सुमारे बाराशे रुग्णांची नोंद झाली आणि एक तरुण दगावला.

जर्नल चुकले, आणि वृत्तपत्रांनी आधी अफवा पसरवली व मग एका वृत्तपत्रानेच ती उघडी पाडली. तेव्हा 'सगळे सारखेच' असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. वेकफील्ड यांना पकडता आले, कारण निबंधावर नावे होती, रुग्णालयात कागदपत्रे होती आणि जाब विचारता येईल असा संपादक होता. कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा संशयास्पद निबंध याच लॅन्सेटने 22 मे 2020 रोजी छापला आणि 4 जूनला तो मागे घेतला गेला. व्हॉट्सॲपवरच्या मजकुराला लेखक नसतो, तारीख नसते, त्यामुळे तो मागे कोण घेणार? तो फक्त दोन वर्षांनी पुन्हा येतो.

भारतात 'आंतरराष्ट्रीय' या शिक्क्याची किंमत किती उतरली आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये आपल्या मान्य यादीतून 4305 नियतकालिके एका फटक्यात वगळली तेव्हा दिसलेच. बढतीसाठी निबंध मोजले जाणार असतील, तर पैसे घेऊन ते छापणारे निघणारच. केंद्र शासनाने 2025 पासून जर्नले वाचायला मिळावीत म्हणून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेसाठी तीन वर्षांना 6000 कोटी रुपये ठेवले. सरकारी संस्थांतील संशोधकांची त्याने मोठी सोय झाली. पण 2022 मध्ये मुंबईतील गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा तिथल्या आईला हवी होती ती जर्नलची सदस्यता नव्हे, तर तिला कळेल असे उत्तर.

आणि इथेच मला अविश्वसनीय मजकुराचे खरे बळ दिसते: तो मराठीत असतो, अगदी घरगुती, ओघवत्या मराठीत, तर त्याचे खंडन बहुधा इंग्रजी पीडीएफमध्ये. 'सृष्टिज्ञान' हे विज्ञान मासिक 1928 पासून आणि मराठी विज्ञान परिषद 1966 पासून काम करत आहेत, पण मासिकाला महिना लागतो आणि अफवेला एक रात्र. वेल्श बोलणारे लोक 2021 च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखही नाहीत, तरी इथली सार्वजनिक आरोग्य यंत्रणा लशीची माहिती वेल्शमध्येही देते. मराठी मातृभाषा असणारे 2011 मध्येच आठ कोटींवर होते. प्रत्येक अफवेला नाव, तारीख आणि आधार यांसह त्याच आठवड्यात मराठीतून उत्तर देणारे एक खाते राज्याच्या आरोग्य विभागाला उभारता येऊ नये, असे मानायला मी तयार नाही.