आईवडील दोघंही सिटिझन पाहिजेत, हे अमेरिकेच्या घटनेत कुठेय?

एक मजकूर सगळीकडे फिरतोय, की अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला नुसता तिथला जन्म पुरत नाही, जन्माच्या वेळी आई आणि वडील दोघंही अमेरिकन नागरिक असावे लागतात, म्हणून ओबामा अपात्र होते आणि कमला हॅरिसही अपात्र. मला याचा मनापासून राग येतो कारण तिथेच जन्मलेल्या लाखो मुलांना आपण यातून अर्धे नागरिक ठरवतोय.

पहिलं म्हणजे "घटनेत लिहिलंय" हेच चूक. कलम २ मध्ये अटी तीन, 'नॅचरल बॉर्न सिटिझन' म्हणजे जन्मजात नागरिक असणं, वय ३५, आणि देशात १४ वर्षं वास्तव्य. नॅचरल बॉर्नची व्याख्या घटनेत नाहीच, आईवडिलांचा तर उल्लेखसुद्धा नाही.

मग म्हणतात व्याख्या वातेल नावाच्या स्विस लेखकाकडून घेतली. त्याचं पुस्तक १७५८ चं, फ्रेंच, आणि इंग्रजी भाषांतरात 'नॅचरल बॉर्न सिटिझन' हे शब्द आले थेट १७९७ मध्ये. घटना लिहिली १७८७ ला, मग हे शब्द तिथून कसे उचलणार? उलट इंग्लंडच्या कायद्यात 'नॅचरल बॉर्न सब्जेक्ट' (राजाचा जन्मजात प्रजाजन) हा शब्द आधीपासून रुळलेला होता आणि त्यात परक्या आईबापांचं, पण राजाच्या मुलुखात जन्मलेलं मूलही धरायचे.

सगळ्यात जास्त पुढे केला जातो तो १८७५ चा मायनर विरुद्ध हॅपरसेट निकाल. अहो, ती केस बायकांच्या मतदानाच्या हक्काची होती! कोर्ट एवढंच म्हणालं की नागरिक आईबापांच्या, तिथेच जन्मलेल्या मुलांबद्दल शंकाच नाही, बाकीच्यांबद्दल काहींना शंका आहेत, पण या केससाठी त्या सोडवायची गरज नाही. हे शेवटचं कुणी सांगतच नाही. पुढे १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क जन्मानेच नागरिक आहे असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं. राष्ट्राध्यक्षपदाचा प्रश्न तिथे नव्हता हे मान्य, पण २००९ ला इंडियानाच्या अपील कोर्टाने त्याच निकालाच्या आधारे स्पष्ट सांगितलं की देशात जन्मलेला माणूस नॅचरल बॉर्न, आईवडील कुठलेही असोत.

आणि चेस्टर आर्थर? जन्म १८२९, व्हरमाँट, आयरिश वडील नागरिक झाले १८४३ ला, म्हणजे पोरगा तोवर चौदाएक वर्षांचा, आणि तो १८८१ ला राष्ट्राध्यक्ष झाला.

खरा प्रश्न बाहेर जन्मलेल्यांचा आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेले जॉन मॅकेन जन्मले पनामा कालव्याच्या पट्ट्यात, टेड क्रूझ कॅनडातल्या कॅलगरीत. १७९० च्या कायद्यात नागरिकांच्या परदेशात जन्मलेल्या मुलांना नॅचरल बॉर्न म्हटलं होतं, १७९५ ला तो कायदा बदलताना नुसतं 'नागरिक' ठेवलं. वाद घालायचाच तर यावर घाला, ओकलंडमध्ये जन्मलेल्या हॅरिसवर नको.