जेमच्या नोंदणीचे साडेसात हजार कुणाला देताय?

रविवारी रात्री बार्शीहून मावशीचा फोन आला. "अगं, गटातल्या पंधरा जणींनी पाचशे-पाचशे काढलेत. जेमवर नाव घालायचं तर उद्याच भरायचेत." तिला आलेला मेसेज मी मागवून घेतला. त्यातलं म्हणणं असं : सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर 'अधिकृत एजंट'शिवाय नोंदणी होत नाही, एजंट नसला तर ऑर्डर बड्या कंपन्यांनाच जातात, पैसे बुडतात, आणि याहून तीन दुकानदारांकडून लेखी दर मागवायची जुनी कोटेशनांची पद्धत बरी होती. खाली एक मोबाइल नंबर. हाच मेसेज या आठवड्यात मला आणखी दोन ग्रुपवर दिसला, म्हणून लिहिते आहे.

आधी एजंटचं. जेमवर विक्रेता म्हणून नोंदणी फुकट आहे. लहान उद्योगाच्या सवलतींसाठी लागणारी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, तीसुद्धा फुकट. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि पॅन हाताशी असला की ती घरबसल्या होते. काही विक्रेत्यांना पूर्वी अनामत ठेवावी लागायची, हे खरं. पण ती पोर्टलवरच भरायची, कुणाच्या यूपीआयवर नाही. ऑगस्ट 2024 पासून 10 लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर पोर्टलचं शुल्कही नाही. मग हे साडेसात हजार कशाचे?

पैशापेक्षाही मोठं नुकसान पुढे आहे. असा माणूस खातं उघडताना ईमेल स्वतःचा टाकतो, पासवर्ड स्वतःकडे ठेवतो. पुढे बिड, म्हणजे दर मागवणारी निविदा, आली तर निरोप त्याला, दर काय भरायचा हे तो ठरवणार, आणि वेळेत माल गेला नाही तर ठपका गटावर. मावशीने आधार क्रमांक पाठवून ठेवला होता. ओटीपी तेवढा सांगितला नव्हता, म्हणून वाचली. ओटीपी कुणालाही सांगू नका. मदत हवीच असेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला शेजारी बसवा.

'ऑर्डर बड्यांनाच' याला उत्तर केंद्राच्या 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणात आहे. केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतली किमान 25 टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची, आणि या 25 टक्क्यांमधलेच 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. बड्या कंपनीचा दर सर्वांत कमी निघाला आणि लहान उत्पादकाचा त्याहून 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी आपला दर बड्या कंपनीइतका उतरवून माल द्यायची संधी लहान उत्पादकाला मिळते. नुसत्या व्यापाऱ्याला ही सवलत नाही, पण मावशीचा गट पिशव्या स्वतः शिवतो. अशा गटाला पहिल्याच महिन्यात ऑर्डर येईल असं मी म्हणत नाही. दार बंद आहे, हे मात्र खोटं.

पैसे उशिरा मिळतात, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. कार्यालयं माल उतरवून घेतात आणि स्वीकृतीच्या दाखल्यावर आठवडेच्या आठवडे बसून राहतात. लहान माणसाचं भांडवल तिथेच अडकतं. पण उशीर म्हणजे बुडणं नव्हे. लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ही मागणी करायला उद्यम क्रमांक लागतो, एजंट नाही.

आणि जुनी कोटेशनं? मी एका कार्यालयात लिपिकाचं काम केलंय. फायलीत तीन लेटरहेड, तीन शिक्के आणि तिन्हींवर एकाच हाताने, एकाच निळ्या पेनाने लिहिलेले आकडे. तिन्हींत 'पंखा' चुकून 'पखां' लिहिलेला. पंखे कुणाकडून घ्यायचे ते आधीच ठरलेलं असायचं. जेमवर संगनमत होत नाही असं नाही, पण तिथे कुणी किती दर भरला याची नोंद राहते आणि ती धरून तक्रार करता येते.

मावशीने सोमवारी सकाळी पंधराही जणींचे पैसे परत केले. उद्यम नोंदणी तिच्या सुनेने दुपारी स्वयंपाकघरात बसून केली. खर्च शून्य.