'टीबीच्या गोळ्या भारतीयांना मानवत नाहीत' या दाव्याला उत्तर

"टीबीच्या गोळ्या लिव्हर जाळतात. भारतीयांच्या जीनमध्येच ही औषधं पचवायची ताकद कमी आहे. म्हणून डोस अर्धा करा किंवा दिवसाआड घ्या, आणि बरं वाटलं की थांबवा." अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. जीनचं नाव आलं की माणसं दबकतात. त्यातून घरात कुणाला टीबी असेल तर विश्वास बसायला वेळ लागत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊनच बोलायला हवं.

जीनची गोष्ट खरी आहे. आठव्या गुणसूत्रावर नॅट-२ नावाचं जनुक आहे. त्यापासून लिव्हरमध्ये जे विकर (एन्झाइम) तयार होतं, ते टीबीच्या आयसोनियाझिड या औषधाला असेटिल गट जोडून त्याचा प्रभाव संपवतं. हे औषध १९५२ मध्ये वापरात आलं, आणि सारखाच डोस घेऊनही कुणाच्या रक्तात ते खूप वेळ राहतं, कुणाच्या लगेच संपतं, हे थोड्याच वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९६० मध्ये कुटुंबांच्या अभ्यासातून उलगडा झाला: औषध मोडण्यातला संथपणा आनुवंशिक असतो आणि त्यासाठी आई व वडील दोघांकडूनही या जनुकाची संथ प्रत यावी लागते. जलद गटात औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण तास-दीड तासात निम्मं होतं, संथ गटात तीन-चार तासांनी. औषध मोडताना असेटिलहायड्राझिन नावाचा पदार्थ तयार होतो. त्याचा निचराही हेच विकर करतं. ते संथ असलं की हा पदार्थ दुसऱ्या वाटेने जाऊन लिव्हरला इजा करू शकतो. संथ गटाला धोका जास्त, एवढं मान्यच आहे.

पण हा 'भारतीयांचा दोष' कुठून झाला? भारतात निम्मे किंवा त्याहून काही जास्त लोक संथ गटात मोडतात, आणि युरोपातही जवळपास निम्मे. जपानमध्ये मात्र साधारण दहातला एक. संथ गटातल्या बहुतेकांचा टीबीचा कोर्स लिव्हर न बिघडता पूर्ण होतो.

आता 'डोस अर्धा करा'. सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. पहिल्या दोन महिन्यांत सरकारी केंद्रातून जी गोळी मिळते, तिच्यात चार औषधं एकत्र असतात: आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि एथॅम्बुटॉल २७५ मिलिग्रॅम. पन्नास ते चौसष्ट किलो वजनाच्या माणसाला रोज अशा चार गोळ्या. त्यातल्या दोनच घेतल्या की चारही औषधं निम्मी झाली. नॅट-२ चा संबंध फक्त आयसोनियाझिडशी. बाकी तिघांचा निचरा त्याच्या हातात नाहीच. म्हणजे ज्या रिफॅम्पिसिनवर सहा महिन्यांत बरं होण्याची सगळी मदार, तेही विनाकारण निम्मं केलं. अपुऱ्या औषधात जे जंतू तगतात, तेच पुढे औषधाला दाद देत नाहीत. शिवाय आपण संथ की जलद हे घरबसल्या कळत नाही. जलद माणसाने डोस निम्मा केला तर आधीच लवकर संपणारं औषध आणखी कमी पडणार.

'दिवसाआड' म्हणणारे एक रास्त प्रश्न विचारतात: पूर्वी डॉट्समध्ये (टीबीच्या सरकारी उपचार योजनेत) आठवड्यातून तीनदाच गोळ्या देत होते ना? देत होते, पण त्या दिवशी आयसोनियाझिड ३०० ऐवजी ६०० मिलिग्रॅम असायचं. २०१७ पासून तीही पद्धत बदलून रोजचा डोस सुरू झाला. मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्रात आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिलं, तेव्हा जलद गटातले रुग्ण मागे पडले होते. रोजचा डोस स्वतःच दिवसाआड करणं म्हणजे निम्मं औषध बुडवणं.

जीन पाहून डोस ठरवता येतो का? येतो. जपानमधल्या एका चाचणीत (२०१३) संथ गटाला किलोमागे २.५ मिलिग्रॅम आयसोनियाझिड दिलं, मधल्या गटाला (एक प्रत संथ, एक जलद) ५, आणि जलद गटाला ७.५. संथ गटाचं लिव्हर सांभाळलं गेलं आणि जलद गटात उपचाराचं सुरुवातीचं अपयश घटलं. तिथे काहींचा डोस वाढवला होता, ही गोष्ट त्या मजकुरात नसते. आपल्याकडेही ही तपासणी सहज मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

'बरं वाटलं की थांबवा' याला उत्तर छोटं आहे. खोकला-ताप काही आठवड्यांत जातो, पण चिवट जंतू मागे उरतात. उरलेले महिने त्यांच्यासाठीच असतात.

लिव्हरची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका, फक्त खूण नीट ओळखा. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी नारिंगी-लालसर होते. तो रिफॅम्पिसिनचा रंग असतो, आणि नेमका त्यालाच कावीळ समजून कुणी गोळ्या सोडतं, कुणी काविळीची माळ घालतं. आरशात डोळे बघा. ते पांढरेच असतील, भूक शाबूत असेल, तर काळजी नाही. डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना गेली, सारखी मळमळ-उलटी होऊ लागली, तर पुढच्या डोसाआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या. रोज दारू घेणाऱ्यांनी हे आधीच सांगून ठेवावं. लिव्हरला खरोखर इजा झाली असेल तर डॉक्टर गोळ्या थांबवतात, रिपोर्ट खाली आला की एकेक औषध पुन्हा सुरू करतात, आणि कुठलं बाधतं ते हुडकून फक्त तेवढंच बदलतात.