फेरारी विक्रीला निघालेली नाही

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं सार असं: फियाटच्या मालकीची फेरारी विकायला निघाली आहे, मालक अग्नेली घराण्याने शेअर विकून बाहेर पडायला सुरुवातही केली, दोन तृतीयांशाहून जास्त शेअर बाजारात खुले असल्यामुळे कोणीही पैसेवाला कंपनी ताब्यात घेऊ शकतो, लॅम्बोर्गिनी जर्मनांकडे गेली, फेरारीच्या गाड्यांचं डिझाइन करणारी पिनिनफारिना महिंद्रांकडे आली, ट्रक बनवणारी इव्हेको टाटांनी घेतली, तेव्हा पुढचा नंबर फेरारीचा.

गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी अशी स्वप्नं रंगवली तर माझी तक्रार नाही. पण ओळखीतल्या एका तरुणाने हे वाचून न्यूयॉर्कच्या बाजारातले फेरारीचे शेअर घेतले. कोणीतरी चढ्या भावाने कंपनी घेईल आणि आपलेही पैसे दुप्पट होतील, या एकाच आशेवर. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फियाटचा मुद्दा लगेच निकालात निघतो. १९६९ मध्ये फियाटने फेरारीचा निम्मा हिस्सा घेतला आणि १९८८ मध्ये संस्थापक एन्झो फेरारी गेल्यावर तो ९० टक्क्यांवर नेला, इथपर्यंत खरं आहे. पण ऑक्टोबर २०१५ मध्ये ५२ डॉलर भावाने फेरारीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले आणि जानेवारी २०१६ मध्ये फेरारी फियाट क्रायस्लरपासून पूर्ण वेगळी झाली. फियाट आज स्टेलांटिस या वाहनसमूहात आहे, मासेराटीही तिथेच आहे. फेरारी तिथे नाही. गोंधळ होतो कारण दोन्हीकडचा सर्वांत मोठा भागधारक एकच आहे: एक्झॉर, म्हणजे अग्नेली घराण्याची गुंतवणूक कंपनी.

आता या एक्झॉरने शेअर विकले का? विकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ४ टक्के हिस्सा, ३ अब्ज युरोंना. मजकूर लिहिणाऱ्याने इथेच वाचन थांबवलेलं दिसतं. फेरारीचा भाव वर्षानुवर्षं इतका चढत गेला होता की एक्झॉरच्या एकूण मालमत्तेपैकी निम्म्याच्या आसपास किंमत या एकाच कंपनीत अडकली होती. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, शिवाय नव्या खरेदीसाठी हाताशी पैसा हवा, म्हणून थोडा हिस्सा काढला. त्यातलेही काही शेअर खुद्द फेरारीनेच परत विकत घेतले. विक्रीनंतर एक्झॉरकडे सुमारे २० टक्के शेअर उरले, आणि मतं सुमारे ३० टक्के.

शेअर २० टक्के आणि मतं ३० टक्के, हे कसं? सगळी मेख इथेच आहे.

फेरारीचा कारखाना इटलीत मारानेल्लोला असला तरी कंपनीची नोंदणी नेदरलँड्सची आहे. तिथल्या कायद्याचा आधार घेऊन कंपनीने निष्ठावान भागधारकांसाठी एक योजना ठेवली आहे. शेअर खास नोंदवहीत नोंदवून सलग तीन वर्षं सांभाळले की प्रत्येक शेअरमागे एक जादा मत मिळतं. ते मत शेअरबरोबर विकता येत नाही. शेअर विकला की जादा मत संपलं. एक्झॉर आणि एन्झोंचे चिरंजीव पिएरो फेरारी यांच्या बाजूच्या शेअरना हे जादा मत आहे. पिएरोंच्या बाजूला १० टक्क्यांच्या आसपास शेअर आहेत, म्हणजे साधारण १५ टक्के मतं.

आता समजा, एखाद्या आखाती सुलतानाने खुल्या बाजारातून तब्बल ४० टक्के शेअर गोळा केले. त्याच्या हाती पहिल्या दिवशी किती मतं येतील? साधारण ३० टक्के, कारण जादा मतांमुळे एकूण मतं शेअरांपेक्षा जास्त आहेत. म्हणजे एक्झॉर २० टक्के शेअरमध्ये जिथे आहे, तिथेच हा दुप्पट शेअर घेऊन पोचणार. आणि नेदरलँड्सच्या कायद्यात ३० टक्के मतांची रेषा ओलांडली की उरलेल्या सगळ्या भागधारकांना त्यांचे शेअर विकत घ्यायची ओपन ऑफर द्यावीच लागते. आपल्याकडे सेबीची ही रेषा २५ टक्क्यांवर आहे, त्यामुळे शेअर बाजारातल्या मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. एवढं करूनही समोर एक्झॉर आणि पिएरो मिळून निम्म्याच्या जवळ मतं उभी. सर्वसाधारण सभेला सगळे भागधारक कधीच मतदान करत नाहीत, त्यामुळे निम्म्याच्या जवळ मतं म्हणजे व्यवहारात बहुमतच. त्यात या दोघांत करार आहे: पिएरोंच्या बाजूला विकायचं झालं तर आधी एक्झॉरला विचारायचं, आणि एक्झॉरला विकायचं झालं तर पहिला प्रस्ताव मांडायचा हक्क पिएरोंच्या बाजूचा.

खुले शेअर दोन तृतीयांशाहून जास्त, हा आकडा बरोबरच आहे. पण ते शेअर असलेल्यांना नफ्याचा वाटा मिळतो, कारभार मिळत नाही.

पैशाचं गणितही पाहा. ४ टक्क्यांचे ३ अब्ज, तर अख्ख्या कंपनीचे त्या भावाने ७५ अब्ज युरो, म्हणजे पावणेसात लाख कोटी रुपयांच्या घरात. टाटांनी २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर फोर्डकडून घेतली ती २.३ अब्ज डॉलरना, तेव्हाचे साधारण ९ हजार कोटी.

जॅग्वार असो की इव्हेको, विकणाऱ्याला विकायचं होतं. इव्हेकोमध्ये एक्झॉरकडे २७ टक्के शेअर आणि ४३ टक्के मतं होती. बघा, रचना अगदी फेरारीसारखीच. जुलै २०२५ मध्ये टाटा मोटर्सचा ३.८ अब्ज युरोंचा प्रस्ताव जाहीर झाला तो एक्झॉरने आपला हिस्सा द्यायचं आधीच कबूल केलं म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टेदर या क्रिप्टो कंपनीने एक्झॉरकडचा युव्हेंटस फुटबॉल क्लब मागितला, तर एक्झॉरच्या संचालक मंडळाने एकमताने नकार दिला. युव्हेंटस १९२३ पासून त्या घराण्याकडे आहे. ट्रकचा कारखाना आणि घराण्याची ओळख असलेला क्लब यांत ते कसा फरक करतात हे सहा महिन्यांत दोनदा दिसलं. फेरारी कोणत्या बाजूला बसते हे वेगळं सांगायला नको.

महिंद्रांची खरेदी खरी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. डिसेंबर २०१५ मध्ये महिंद्रा आणि टेक महिंद्रा यांनी पिनिनफारिनाचा ७६ टक्के हिस्सा घ्यायचा करार केला. पण तोवर फेरारीने गाड्यांचं डिझाइन आपल्या घरात, फ्लाविओ मान्झोनी यांच्या हाताखाली आणलं होतं. २०१३ ची लाफेरारी ही गाडी त्याच घरची. पिनिनफारिना हातात असणं म्हणजे फेरारीच्या दाराची किल्ली असणं नव्हे.

आणि लॅम्बोर्गिनी? ती हातोहात फिरली कारण ती वारंवार गाळात गेली. १९७८ मध्ये दिवाळखोरी, १९८७ मध्ये क्रायस्लर, १९९४ मध्ये इंडोनेशियन मालक आणि १९९८ मध्ये आउडी. पुढे ती सावरली. २०२१ मध्ये एका स्विस गटाने साडेसात अब्ज युरो देऊ केले, तेव्हा आउडीने विकायची नाही म्हणून सांगितलं. फेरारीची अवस्था तर एके काळच्या त्या लॅम्बोर्गिनीसारखी मुळीच नाही. २०२४ मध्ये तिने १३,७५२ गाड्या दिल्या आणि दीड अब्ज युरोंहून अधिक निव्वळ नफा कमावला. अडचणीतला मालक विकतो. इथे अडचण कुठे आहे?

ताबा कधीच बदलणार नाही असं मात्र मी म्हणणार नाही. १९६३ मध्ये फोर्डबरोबरचा सौदा एन्झोंनी शेवटच्या घटकेला मोडला, कारण शर्यतींच्या संघावरचा शब्द त्यांना दुसऱ्याच्या हाती द्यायचा नव्हता. सहा वर्षांनी फियाटला हिस्सा दिला, पण शर्यती स्वतःकडे ठेवूनच. तो माणूस आज नाही, आणि आजची एकजूट कागदांवर उभी आहे. त्यातला एक कागद खरोखर वादात आहे. एक्झॉरचे प्रमुख जॉन एल्कान यांच्या आई मार्गेरिता अग्नेली यांनी २००४ मध्ये वारशाबद्दल केलेला करार आता त्यांनाच मान्य नाही, आणि ‘दिचेम्ब्रे’ या घराण्याच्या मूळ कंपनीतल्या वाट्यावरून तुरीनच्या न्यायालयात दावा चालू आहे. दिचेम्ब्रेतून घराण्याची होल्डिंग कंपनी, त्या कंपनीतून एक्झॉर, एक्झॉरमधून फेरारी, अशी ती साखळी आहे. लक्ष ठेवायचं असेल तर तिथे ठेवा. आणि मोठ्या भागधारकाचा हिस्सा ३ टक्के किंवा त्यावरचा कुठलाही ठरलेला टप्पा पार करून हलला तर त्याची नोंद नेदरलँड्सच्या बाजार नियामकाकडे जाहीर होते, कोणालाही फुकट पाहता येते.

आमच्या त्या तरुण मित्राने ती नोंद कधी उघडली नव्हती. ९ ऑक्टोबर २०२५ ला फेरारीने २०३० पर्यंतची उद्दिष्टं जाहीर केली. बाजाराला ती कमी वाटली आणि शेअर एका दिवसात सुमारे १५ टक्के कोसळला. ताबा घेणारा कोणी त्या दिवशी आला नाही, आणि त्यानंतरही नाही.