अंजू, चखणा आणि सात डॉलरची किमची

पाटी वाचून आई दारातच थांबली. ‘कोरियन फ्यूजन गॅस्ट्रोपब’. म्हणाली, "गॅस्ट्रो? अरे, गॅस्ट्रोची साथ येते ना पावसाळ्यात? आणि इथे जेवायचं?"

तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडे गॅस्ट्रो म्हटलं की उकळलेलं पाणी आणि मीठ-साखरच आठवते. मग तिला समजावलं की लंडनमध्ये १९९१ साली ‘द ईगल’ नावाचा एक जुना पब दोघांनी घेतला आणि बिअरबरोबर चांगलं ताजं जेवण द्यायला सुरुवात केली, तिथून हा शब्द आला. आईचं उत्तर: "म्हणजे बारमध्ये नीट जेवण मिळतं. एवढंच ना? मग तसं लिहायचं."

तर. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आपल्या लोकांचा जसा ओक ट्री रोड, तसा कोरियन लोकांचा पॅलिसेड्स पार्कचा ब्रॉड अॅव्हेन्यू. २०१०च्या जनगणनेत त्या एवढ्याशा गावात निम्म्याहून जास्त माणसं कोरियन निघाली होती. दाताच्या डॉक्टरपासून बेकरीपर्यंत सगळ्या पाट्या कोरियन. हा पब त्याच भागातला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि चालवणारी पोरं मेहनती वाटली.

आता ‘फ्यूजन’ हा शब्द ऐकला की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी "अस्सल कोरियन कुठे मिळेल?" विचारतं आणि कुणीतरी दुसरा "फ्यूजन म्हणजे फसवणूक" असं ठणकावतो. अहो, अस्सल म्हणजे कधीचं? मिरची कोरियात गेली तीच मुळात सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास, अमेरिका खंडातून फिरत फिरत. आपल्याकडेही तशीच आली, पोर्तुगीजांच्या जहाजातून. म्हणजे आज आपण जिला लालभडक किमची म्हणतो (त्यांचं कोबीचं आंबवलेलं लोणचं) ती आणि आपला झणझणीत रस्सा, दोघांचंही मूळ बाहेरचंच. बुदे-जिगे नावाचं त्यांचं एक कालवण आहे. १९५० ते ५३च्या युद्धानंतर खायची मारामार होती, तेव्हा अमेरिकन तळांवरून आलेलं डबाबंद मांस, सॉसेज, बीन्स हे सगळं किमची आणि तिखटात उकळून लोकांनी पोट भरलं. बुदे म्हणजे लष्करी तुकडी. सोलजवळचं उइजंगबू हे गाव आजही त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. भुकेतून झालेलं ते फ्यूजन. आणि लॉस एंजेलिसमध्ये २००८ला रॉय चोई या शेफने ‘कोगी’ नावाचा खाण्याचा ट्रक काढून मेक्सिकन टाकोत कोरियन मांस घातलं, ते एकमेकांना खेटून राहणाऱ्या दोन वस्त्यांमधलं फ्यूजन. दोन्हीत काही खोटं नाही.

आम्ही टाको मागवले, चिकनचे. बुलगोगी, म्हणजे मसाल्यात मुरवून भाजलेले मांसाचे पातळ काप, हे बहुतेक वेळा बीफ असतं, आईला चालत नाही, म्हणून आधी विचारून घ्या. टाको बरे होते. चीज घातलेला मका, कॉर्न-चीज, मुलीला आवडला, मला लहानपणीच्या वाढदिवसाच्या पार्टीची आठवण झाली, बाकी काही नाही. तळलेलं चिकन मात्र फार सुंदर. दोनदा तळतात, त्यामुळे वरचं कवच पातळ आणि कडक राहतं, सॉस लावला तरी मऊ पडत नाही. कोरियात चिकन आणि बिअर या जोडीला एक वेगळा शब्दच आहे, चिमेक. मेकजू म्हणजे बिअर.

पण मला लिहायचंय ते अंजूबद्दल. अंजू म्हणजे आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नव्हेत. कोरियनमध्ये दारूबरोबर खायच्या पदार्थांना अंजू म्हणतात. आपला चखणाच, पण चखण्याला आपण जी दुय्यम वागणूक देतो (शेंगदाणे, काकडी, फार झालं तर मसाला पापड), तशी तिथे नाही. जुन्या पद्धतीच्या बारमध्ये तर दारू मागवलीत की अंजू मागवावंच लागतं. पिणारा उपाशी बसू नये, ही त्यामागची समजूत. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, मोठ्यांना ओतताना दोन्ही हात लावायचे. आणि पाऊस पडला की जॉन, म्हणजे पिठात भाज्या किंवा किमची घालून तव्यावर काढलेलं धिरडं, आणि सोबत माकगल्ली नावाची दारू. तव्यावरचा चुर्र आवाज पावसासारखा वाटतो म्हणे. आपण पावसात कांदाभजी का खातो याचं इतकं छान कारण आपल्याकडे कुणी दिलेलं नाही.

तर माकगल्ली आली. तांदळाची, दुधाळ रंगाची, वाडग्यातून प्यायची. आईने वास घेतला, एक घोट घेतला (हो, घेतला, नातेवाइकांनी नोंद घ्यावी) आणि म्हणाली, "माडी!" गुहागरला तिच्या माहेरी माड होते, सकाळी उतरवलेली माडी दुपारपर्यंत कशी आंबट होत जाते हे तिला चांगलं ठाऊक. एक माडाच्या रसाची, दुसरी भाताची, पण आंबलेल्याची ओळख तिला एका घोटात पटली.

मग किमची. एक घास खाऊन ती म्हणाली, "यात जवळा आहे." वाढणाऱ्या मुलाला विचारलं, तो आत जाऊन आला, हसत म्हणाला, बरोबर. मिठात मुरवलेली बारीक कोळंबी घालतात. इतकी वर्षं मी किमची ‘कोबीचं लोणचं’ म्हणून शाकाहारी मित्रांना वाढत आलोय. त्या सगळ्यांची इथेच जाहीर माफी. पाकिटावर वाचून घ्या, बिनमाशाचीही मिळते.

आईला ती इतकी आवडली की म्हणाली, "अजून थोडी मागव." मागवली. आणि बिलात ओळ आली: किमची, ७ डॉलर. पुन्हा किमची, ७ डॉलर.

इथे माझं डोकं फिरलं. सात डॉलरसाठी नाही हो. कोरियन जेवणात ताटाभोवती तोंडी लावण्याच्या त्या छोट्या वाट्या येतात ना, बांचान, त्या न मागता येतात आणि संपल्या की पुन्हा भरतात. त्याचे पैसे लावत नाहीत. ब्रॉड अॅव्हेन्यूवरच्या साध्या, ट्यूबलाइटच्या उजेडातल्या हॉटेलात आजही सात-आठ वाट्या समोर येतात. मिसळीच्या हॉटेलात तुम्ही वाटी पुढे केलीत आणि मालकाने कटाचे वेगळे पैसे लावले तर कसं वाटेल? तसंच वाटलं. टाकोत किमची घाला, पिझ्झावर घाला, उद्या पुरणपोळीत घातलीत तरी मी चाखून बघेन. पण वाटी भरण्याचे पैसे लावलेत की मग तुम्ही कोरियन जेवणातली पाककृती तेवढी ठेवलीत आणि पंगत काढून टाकलीत.

बायको शांत स्वभावाची. ती म्हणाली, त्यांचीही बाजू बघ. आणि बाजू आहे, नाही असं नाही. न्यू जर्सीत दारूचा परवाना गावाच्या लोकसंख्येवर मिळतो, साधारण तीन हजार माणसांमागे एक. नवीन क्वचितच निघतात, म्हणून जुने विकत घ्यावे लागतात, आणि त्यांच्या किमती लाखांत जातात, लाखो डॉलर म्हणतोय मी, रुपये नव्हे. म्हणून तर इथली बरीच हॉटेलं ‘बाटली तुमची तुम्ही आणा’ म्हणतात. ज्याने परवान्यात एवढा पैसा घातला, त्याला प्रत्येक वाटीत पैसा दिसणारच. हे सगळं मला पटतं. तरी माझं म्हणणं असं की ते पैसे चिकनमध्ये लावा, बिअरमध्ये लावा, मी देईन. पहिली वाटी तरी फुकट ठेवा. वर वीस टक्के टिप आम्ही देतोच, जी प्रत्यक्ष कोरियात कुणी देत नाही.

आईने मात्र बिल बघितलंच नाही. उरलेली किमची डब्यात भरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पिठात घालून घावन काढले. पहिले दोन तव्याला चिकटले, तिसरा सुटला. मुलीने चार खाल्ले. मग आम्ही एच मार्ट या कोरियन सुपरमार्केटमधून मोठी बरणीच आणली.

आता फ्रीज उघडला की अख्ख्या घराला कळतं. दुधाला वास, केकला वास. कोरियन घरांत किमचीसाठी वेगळा फ्रीज ठेवतात असं मी सहज बोलून गेलो, तर बायकोने लगेच विचारलं, केवढ्याला येतो?