समोरच्याचं म्हणणं पोचतं, पण कुठलं?

आमच्या रत्नागिरीतल्या राजापूर तालुक्यात तेलशुद्धीकरणाच्या रिफायनरीवरून कुणाला "तुम्हाला दुसरी बाजू माहीतच नाही" असं म्हणायची सोय नाही. आधी प्रकल्प नाणारला येणार होता, २०१९ मध्ये ते रद्द, मग बारसू-सोलगावची जागा, एप्रिल २०२३ चं तिथलं माती परीक्षण आणि सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, पोलीस बंदोबस्त. इतक्या वर्षांत दोन्ही बाजू कानावर पडून पडून पाठ झाल्यात.

समर्थकांचे आणि विरोधकांचे व्हॉट्सॲप ग्रुप मात्र वेगवेगळे. तरी तिकडचा मेसेज इकडे यायला पाच मिनिटं लागत नाहीत. फक्त तो स्क्रीनशॉट होऊन येतो, आणि त्यांतला सर्वांत घाणेरडा तेवढाच येतो. पोरं मुंबईत एका खोलीत चौघं-चौघं राहतात, नुसत्या आंब्याच्या कलमांवर घर चालत नाही, असं कुणी समर्थक कळकळीनं लिहितो, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. "विरोधकांनी पैसे खाल्ले" हे लगेच फिरतं. इकडून तिकडे जातानाही तेच. पाण्याबद्दल, कातळशिल्पांबद्दल, आंबा-काजूबद्दल नीट बोलणारा तिकडे पोचत नाही, शिव्या घालणारा पोचतो.

म्हणून ग्रुपमुळे विरोधी मत दिसतच नाही असं जे म्हणतात, ते मला पटत नाही. दिसतं, पण त्यातलं विचार करण्यासारखं असतं तेवढंच गळून जातं.

अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीच्या काळात फेसबुकवर तेवीस हजारांहून जास्त लोकांच्या फीडमधला समविचारी मजकूर साधारण एक तृतीयांशानं कमी करून पाहिला. मतांत आणि समोरच्याबद्दलच्या रागात मोजण्याइतका फरक पडला नाही. त्याआधी ट्विटरवरच्या एका प्रयोगात लोकांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूचं वाचायला लावलं, तर रिपब्लिकन मंडळी उलट जास्तच कट्टर झाली. अमेरिका वेगळी, मान्य. पण विरोधी मताचा नुसता डोस वाढवून भागत नाही, हे आपल्यालाही दिसतंच आहे.

ग्रुपच्या उलट, गावकीच्या बैठकीत समोरचा भावकीतलाच असतो, त्याला रिमूव्ह करता येत नाही. त्याचं शेवटपर्यंत ऐकावं लागतं. (तिथे बायकांना किती बोलू देतात हा वेगळा विषय, आणि त्यावर मी लिहिणार आहे.)

परवा आमच्या विरोधकांच्या ग्रुपवरून एका काकांना काढलं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "प्रकल्प नको, बरोबर. मग माझ्या नातवानं इथे राहून काय करायचं?" मीही विरोधातच आहे. पण या प्रश्नाचं उत्तर आपल्यातल्या कुणीच दिलं नाही. अॅडमिन, काकांना परत घ्या. ग्रुपवर लिहिलंय, इथेही लिहितोय.