आधी डोमिसाईल काढा
‘परवडणारी घरं आहेत, पण माहिती पोचत नाही’ हे तुमच्या लेखातलं म्हणणं अर्धंच खरं. खरं घोडं अडतं कागदांवर. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींचा म्हाडाच्या (राज्य सरकारच्या गृहनिर्माण संस्थेच्या) घरांच्या सोडतीचा फॉर्म भरायला मीच बसलो. आधार, पॅन होतं, डोमिसाईल (महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा दाखला) नव्हतं. ते निघेपर्यंत मुदत संपली. (मधल्या काळात एक एजंट ‘घर लावून देतो’ म्हणत होता. म्हाडाने एजंट नेमलेलेच नाहीत!) बिल्डरच्या मोठ्या प्रकल्पांतही २० टक्के योजनेतली (कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखीव) घरं सोडतीत येतात, अगदी पिंपरी-चिंचवडमधल्या वाकड-ताथवड्यातली, हे मात्र मावशींना माहीत नव्हतं. ‘म्हाडा म्हणजे लांब कुठेतरी’ एवढंच ठाऊक. आता कागद तयार ठेवलेत, पुढच्या सोडतीची वाट बघतोय.